हरिहरेश्वराची प्रदक्षिणा आणि भरतीचे गणित

सियागंजात सुपारीचा व्यवहार करणाऱ्या आपल्या सभासदांना ‘श्रीवर्धनी रोठा’ हे नाव नवे नसावे. ती सुपारी ज्या श्रीवर्धन तालुक्यात पिकते, तेथेच सावित्री नदीच्या मुखाशी हरिहरेश्वर हे लहानसे, शांत गाव आहे. त्यास दक्षिण काशी म्हणतात. श्रीवर्धनच्या भट घराण्याचे, म्हणजे पेशव्यांचे, हे कुलदैवत. पहिल्या बाजीरावांनी १७२३ साली देवळाचा जीर्णोद्धार केला. त्यांच्याच कारकीर्दीत मल्हारराव होळकर माळव्यात आले. म्हणून आपणां इंदूरकरांचाही या दैवताशी दूरचा का होईना ऋणानुबंध आहे.

येथे आधी कालभैरवाचे, मग हरिहरेश्वराचे आणि पुन्हा कालभैरवाचे दर्शन घेण्याची रीत आहे. त्यानंतर प्रदक्षिणा, आणि आम्हांला सांगावयाचे आहे ते तिच्याविषयीच. ही वाट देवळामागची टेकडी चढून, कड्याच्या अरुंद खिंडीतील पायऱ्यांनी थेट समुद्रावर उतरते व खडकांवरून वळसा घेऊन परत येते. लाटांनी ते खडक मधाच्या पोळ्यासारखे कोरले आहेत. भरतीच्या वेळी खालची वाट पाण्यात जाते. आपली सवय नर्मदेच्या घाटाची. समुद्राची तऱ्हा निराळी. चार लाटा पायाशी येऊन परततात आणि पाचवी माणसाला ओढून नेते. असे प्रसंग येथे घडले आहेत.

भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करावी. जो आकडा येईल तितक्या वाजता, सकाळी आणि पुन्हा रात्री (वा पहाटे व दुपारी), पूर्ण भरती. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही तेवढी पुढे सरकते. महिना माघ म्हणा की आपल्या माळव्याच्या रीतीने फाल्गुन, तिथी तीच.

आता महाशिवरात्र घ्या. त्या सकाळी पंचांगात बहुधा त्रयोदशी असते. तेराची पाऊणपट पावणेदहा! म्हणजे अभिषेक आटोपून मंडळी खाली उतरू पाहतात, नेमकी तेव्हाच भरती, आणि तीही उधाणाकडे झुकलेली. त्या दिवशी प्रदक्षिणा दुपारी तीनच्या पुढे, पाणी ओसरत असताना करावी. उलट कालभैरव जयंतीच्या अष्टमीस भरती सहाला, तर ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास. शिवाय तो भांगाचा काळ, पाणी कमी उसळते. हा हिशेब अदमासाचा आहे. वाऱ्याने तो चुकतो. म्हणून उतरण्यापूर्वी गुरुजींना वा गावकऱ्यांना विचारावेच. पावसाळ्यात खाली उतरूच नये.

इंदूरहून रेल्वेने मुंबई, तेथून कोकण रेल्वेने माणगाव व पुढे म्हसळ्यावरून एस. टी. असा मार्ग आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या भागातील नारळी-पोफळीच्या पुष्कळ बागा आडव्या झाल्या. पोफळ फळाला यावयास काही वर्षे लागतात. तेव्हा परतताना सुपारी तेथल्या बागाईतदाराकडूनच घ्यावी, आणि भावात फारशी घासाघीस करू नये.