मुलाच्या पोटातील गाठ : चोळू नका, वेळ दवडू नका

तीन-चार वर्षांच्या मुलाला आंघोळ घालताना पोटात एका बाजूला टणक गोळा हाताला लागतो. मूल खाते, खेळते. दुखत बहुधा नाही. मग 'पानथरी असेल' म्हणून तेल लावून पोट चोळले जाते. हे धोक्याचे आहे.

अशी गाठ मूत्रपिंडाच्या कर्करोगाची असू शकते. जर्मन सर्जन माक्स विल्म्स यांनी १८९९ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. म्हणून तिला 'विल्म्स ट्यूमर' म्हणतात. गाठीभोवती पातळ आवरण असते. दाबल्या-चोळल्याने ते फाटले, तर कर्कपेशी पोटात पसरतात. म्हणून शस्त्रक्रियेतही गाठ न फोडता मूत्रपिंडासह अखंड काढतात. गाठ मोठी असल्यास आधी काही आठवडे औषधे देऊन ती आकसवतात. शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी आणि गरजेप्रमाणे रेडिएशन देतात.

"एक किडनी काढल्यावर मूल जगेल कसे?" असे पालक विचारतात. दुसरी निरोगी असेल, तर ती एकटी सर्व काम सांभाळते. रक्तदाब व लघवीची तपासणी मात्र नियमित करावी. प्रगत देशांत अशी दहापैकी सुमारे नऊ मुले बरी होतात.

तेव्हा पोटात गोळा लागला किंवा लघवीतून रक्त गेले, तर लगेच डॉक्टरांना दाखवून सोनोग्राफी करून घ्या. पुढील उपचार मुंबईच्या टाटा रुग्णालयासारख्या, मुलांच्या कर्करोगाची सोय असलेल्या ठिकाणीच घ्या. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा. आणि गाठ निघाली म्हणून पुढची औषधे अर्धवट सोडू नका.