सगळे बिझी, तरी काम का अडतं?

मॅनेजमेंटची पुस्तकं म्हटली की आम्हा इंजिनिअर मंडळींच्या कपाळावर आठी येते. चौकोन, बाण आणि दर दोन पानांनी एक नवी संज्ञा! इलियाहू गोल्डरॅट यांचं ‘द गोल’ मात्र चक्क कादंबरी आहे. १९८४ साली जेफ कॉक्स यांच्यासोबत त्यांनी ती लिहिली. गोल्डरॅट इस्रायलचे, शिक्षणाने भौतिकशास्त्रज्ञ. कारखान्याच्या उत्पादनाचं वेळापत्रक आखणारं सॉफ्टवेअर ते विकत. त्यामागचा विचार लोकांच्या गळी उतरावा म्हणून त्यांनी गोष्टीचा आधार घेतला. ते सॉफ्टवेअर आज फारसं कुणाला आठवत नाही, गोष्ट मात्र अजून वाचली जाते.

गोष्टीचा नायक अ‍ॅलेक्स रोगो एका कारखान्याचा मॅनेजर. तीन महिन्यांत सुधारणा दाखवा, नाहीतर टाळं लागेल, असं वरून सांगितलेलं. त्याला विमानतळावर त्याचे फिजिक्सचे जुने प्राध्यापक जोना भेटतात. अ‍ॅलेक्स कौतुकाने सांगतो, आम्ही रोबो बसवले, एका विभागाची कार्यक्षमता ३६ टक्क्यांनी वाढली. जोना साधे प्रश्न विचारतात. त्यामुळे दिवसाला एखादा जास्तीचा माल विकला गेला का? माणसं कमी झाली का? पडून असलेला साठा घटला का? सगळ्याचं उत्तर ‘नाही’. मग वाढलं काय?

पुस्तकातला सगळ्यात गाजलेला भाग कारखान्यात घडतच नाही. अ‍ॅलेक्स मुलाच्या स्काउट पथकाला घेऊन डोंगरात पायी निघतो. सह्याद्रीत ग्रुपने ट्रेक केलेल्या कुणालाही हे दृश्य ओळखीचं वाटेल. पुढचे टणाटण उड्या मारत दिसेनासे होतात, मागचे धापा टाकत राहतात आणि रांग लांबतच जाते. हर्बी नावाचा मुलगा सर्वांत हळू. पुढचा कितीही पळाला तरी अख्खं पथक मुक्कामी पोचणार ते हर्बीच्याच वेगाने. अ‍ॅलेक्स त्यालाच सर्वांत पुढे ठेवतो आणि त्याची सॅक उघडतो. आत लोखंडी तवा, लोणच्याची बाटली, खाण्याचे डबे! सामान सगळ्यांत वाटलं जातं आणि पथकाचा वेग वाढतो.

मग कारखान्यातले ‘हर्बी’ शोधले जातात. एक महागडं मशीन आणि एक भट्टी. जेवणाच्या सुट्टीत ते मशीन बंद राहायचं, ते थांबवलं. तपासणी मशीनच्या आधी आणली, म्हणजे मुळातच खराब असलेल्या भागावर त्याचा वेळ वाया जाऊ नये. कारण अडलेल्या जागी गेलेला एक तास हा सबंध कारखान्याचा गेलेला तास. बाकी ठिकाणी वाचवलेला तास निव्वळ भ्रम. म्हणजे बाकीचे थोडा वेळ रिकामे बसले तरी चालतं. हे पचायला सगळ्यात जड! (अ‍ॅलेक्सच्या संसाराची कथा मात्र मध्येमध्ये रेंगाळते. ती पानं भरभर उलटली तरी चालतील.)

२०१३ मध्ये आलेल्या ‘द फिनिक्स प्रोजेक्ट’ने हाच साचा आयटी विभागात आणला. तिथला हर्बी म्हणजे ब्रेंट, सगळं ज्याच्या एकट्याच्या डोक्यात आहे असा हुशार इंजिनिअर. असा ब्रेंट प्रत्येक ऑफिसात असतो. आमच्याकडे दोन होते.

आमच्या टीममध्ये एआय टूल्स आली आणि कोड लिहिण्याचा वेग खरंच वाढला. डॅशबोर्डवरचे आलेख वर गेले. ग्राहकाच्या हातात मात्र पूर्वीइतकंच पडत होतं, कारण तो कोड तपासून मंजूर करणारे सीनियर दोघंच. त्यातली एक जण रात्री अकराला पुन्हा लॅपटॉप उघडून बसायची. आणि कोड इतका पटापट होतोय तर एवढी माणसं कशाला, अशी कुजबूज वरच्या मजल्यावर सुरू झाली होती. इथे व्हिसावर राहणाऱ्याला ती कुजबूज जरा मोठ्यानेच ऐकू येते.

आम्ही या दोघांची ‘सॅक’ उघडली. प्रत्येक इंटरव्ह्यूला हेच, रात्रीच्या सपोर्टलाही हेच, नवीन माणसाला शिकवायलाही हेच. ती कामं इतरांत वाटली. टेस्ट पास झाल्याशिवाय कोड त्यांच्याकडे पाठवायचा नाही, असं ठरलं. तपासणीची रांग ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की कुणीही नवीन काम उघडायचं नाही, हेही. यावर सर्वांत जास्त वाद झाला. ‘मग आम्ही नुसतं बसायचं?’ असं एकाने विचारलंच. मॅनेजरसाहेबांना तर रिकामी खुर्ची बघवेना. पण तीन-तीन आठवडे पडून राहणारे बदल आता चार-पाच दिवसांत पुढे जातात.

अर्थात सॉफ्टवेअर म्हणजे कारखाना नव्हे. मशीनपुढे साचलेला माल डोळ्यांना दिसतो, आमचा ढीग दिसत नाही. शिवाय दोन कामं कधी सारखी नसतात, त्यामुळे आज अडलेली जागा महिन्याभराने मोकळी असू शकते. एक अडथळा सुटला की पुन्हा पहिल्यापासून शोधा, असं गोल्डरॅटनीच सांगून ठेवलंय. आमची रांग सध्या ग्राहकाच्या अंतिम चाचणीपाशी सरकली आहे. तिकडे तपासायला एकच माणूस आहे, तोही आठवड्यातून दोनच दिवस. माणसं कमी करण्याचा विषय अजून मिटलेला नाही. त्या मीटिंगला जाताना कोडच्या ओळींचा आलेख बाजूला ठेवून, कोणतं काम कुठे किती दिवस थांबलं याची यादी घेऊन जायचं आम्ही ठरवलंय.