संज्ञापन व्यवस्थापनाचे शिक्षण आणि कर्जाचे गणित

जाहिरात, जनसंपर्क, ब्रँड आणि माध्यमसंस्था यांचा कारभार शिकविणारी शाखा म्हणजे संज्ञापन व्यवस्थापन. पुण्याच्या सिम्बायोसिस माध्यम व संज्ञापन संस्थेत या विषयाची दोन वर्षांची एमबीए पदवी मिळते. अहमदाबाद येथे १९९१ साली स्थापन झालेल्या ‘मायका’चा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मात्र पदव्युत्तर पदविकेचा आहे. पुढे संशोधन किंवा अध्यापन करावयाचे असल्यास पदविकेला पदवीची समकक्षता आहे का, हे प्रवेशापूर्वीच विचारून घ्यावे.

शुल्काचा आकडा पाहून पालक आमच्याकडे येतात. भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार ४ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास स्वतःचा हिस्सा घालावा लागत नाही. त्यापुढे देशांतर्गत शिक्षणासाठी तो ५ टक्के असतो. परतफेड शिक्षण संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होते.

व्याज मात्र या काळात थांबत नाही, याचा अनेकांना विसर पडतो. समजा, दोन्ही वर्षांच्या प्रारंभी प्रत्येकी ३ लाख रुपये उचलले आणि व्याजदर १० टक्के धरला. परतफेड सुरू होईपर्यंत सरळव्याजाने पहिल्या रकमेवर ९० हजार आणि दुसऱ्या रकमेवर ६० हजार, म्हणजे एकूण दीड लाख रुपये व्याज होते. हे व्याज दरमहा भरत गेल्यास थकबाकी साचत नाही आणि नव्या नोकरीतील पगाराला हप्ता पेलतो. जुनी करप्रणाली स्वीकारणाऱ्यांस भरलेल्या व्याजाची आठ वर्षांपर्यंत वजावटही मिळते.

तेव्हा, अर्जावर स्वाक्षरी करण्यापूर्वी शाखेत बसून हा हिशेब अवश्य मांडून घ्यावा.