जुन्या घरातील लाकडी तक्तपोशी

जुन्या घरातील लाकडी तक्तपोशी म्हणजे पूर्वी बांधलेल्या घराच्या जमिनीवर कठीण लाकडाच्या नव्या पट्ट्या बसविण्याचे काम. अमेरिका व कॅनडा येथे ते विशेष प्रचलित आहे. ओक, मेपल, अक्रोड इत्यादी रुंदपर्णी वृक्षांचे लाकूड यासाठी वापरतात. ओकची पारंपरिक पट्टी साधारणपणे १९ मिमी जाड व ५७ मिमी रुंद असते. तिच्या एका कडेस जीभ व दुसऱ्या कडेस खाच असल्याने पट्ट्या एकमेकींत घट्ट बसतात.

पूर्वतपासणी

या कामाचे यश वरच्या लाकडापेक्षा खालच्या आधारावर अधिक अवलंबून असते. जुन्या घरांत तुळयांवर प्लायवूडऐवजी बहुधा फळ्या ठोकलेल्या असतात. काळाच्या ओघात तुळया वाकतात, फळ्या सैल होतात आणि चालताना करकर आवाज येतो. म्हणून सैल फळ्या स्क्रूने आवळणे, कुजलेले किंवा वाळवी लागलेले भाग बदलणे व उंचवटे घासून काढणे ही कामे आधी करावी लागतात. तीन मीटर अंतरात सुमारे ५ मिमीपेक्षा अधिक चढउतार नसावा, असा संकेत आहे.

जुने थर उखडताना आरोग्याचा धोका संभवतो. विसाव्या शतकात बसविलेल्या काही व्हिनाइल फरश्यांत व त्यांखालील डिंकात अ‍ॅस्बेस्टॉस असते. अमेरिकेत घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगावर १९७८ मध्ये बंदी आली. त्यापूर्वीच्या घरांत असा रंग असू शकतो. अशा थरांची चाचणी होईपर्यंत ते घासू वा फोडू नयेत, कारण त्यांची धूळ श्वासावाटे शरीरात जाते.

ओलावा

लाकूड हवेतील ओल शोषते व सोडते. ओल वाढली की ते फुगते, कमी झाली की आकसते; हा बदल लांबीच्या मानाने रुंदीत पुष्कळ अधिक असतो. त्यामुळे पट्ट्या काही दिवस त्याच घरात ठेवून तेथील हवामानाशी जुळू देतात. अरुंद पट्ट्या व खालचा आधार यांच्या ओलाव्यातील फरक चार टक्क्यांपेक्षा अधिक नसावा. तळघर दमट असेल, तर प्रथम त्याचा बंदोबस्त करावा लागतो. अन्यथा पट्ट्यांच्या कडा उचलल्या जाऊन त्यांना पन्हळीसारखा आकार येतो.

बसविण्याची पद्धत

पट्ट्या शक्यतो तुळयांना काटकोनात बसवतात. जुन्या भिंती क्वचितच सरळ असतात; म्हणून पहिली ओळ भिंतीवरून न धरता आखलेल्या दोरीच्या रेषेवरून धरतात. खिळे जिभेच्या बाजूने तिरपे, सुमारे २० ते २५ सेंमी अंतरावर ठोकतात, त्यामुळे ते दिसत नाहीत. शेजारच्या ओळींतील सांधे किमान १५ सेंमी मागेपुढे ठेवतात. भिंतीलगत सोडलेली फट लाकडाला फुगण्यास वाव देते. ती नंतर स्कर्टिंगच्या पट्टीने झाकली जाते. नव्या जमिनीची उंची वाढत असल्याने दरवाजे तळाशी रंधावे लागतात व उंबरठ्याशी उतरती पट्टी लावावी लागते. शेवटी पृष्ठभाग घासून त्यावर तेल किंवा पॉलियुरेथेनचे लेप देतात.

जतन की बदल

गालिच्याखाली पूर्वीची कठीण लाकडाची जमीन सुस्थितीत सापडल्यास ती घासून, नवा लेप देऊन पुन्हा वापरता येते. पुरेशी जाडी शिल्लक असल्यास हा उपाय कमी खर्चाचा ठरतो आणि घराचे मूळ रूपही टिकते. महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांच्या माड्यांवर आढळणाऱ्या सागवानी तुळया व फळ्यांच्या बाबतीतही, बदलण्याचा निर्णय घेण्यापूर्वी त्यांची मजबुती तपासणे इष्ट ठरते.