गड्ड्याच्या रात्री

डिसेंबर सरत आला की सोलापुरात शिंप्यांच्या दुकानांत पांढऱ्या कापडाची गडबड सुरू होते. बाराबंदी शिवून हवी असते, आणि ती संक्रांतीच्या आधीच हवी असते. बटणांच्या जागी बंद असलेला हा पांढराशुभ्र अंगरखा, खाली धोतर, डोक्याला फेटा. एरवी पुण्यात संगणकापुढे बसणारी, हिंजवडीच्या रहदारीत अडकणारी सोलापूरची पोरे या चार-पाच दिवसांसाठी रजा टाकतात. मुंबईची मंडळी रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघतात आणि सकाळी गावात उतरतात. ज्या देवाच्या नावाची गाडी, त्याच्याच यात्रेला यायचे असते.

सोलापूर रात्री लवकर झोपणारे शहर, असे बाहेरचे लोक म्हणतात. त्यांनी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात यावे. इथे थंडी हाडे गोठवत नाही, स्वेटर नाहीतर शाल पुरते. वर्षातले आठ महिने तापणाऱ्या या गावाला रात्री रस्त्यावर येण्याची खरी मुभा हाच काळ देतो, आणि ग्रामदैवताची यात्राही नेमकी याच दिवसांत येते. कागदोपत्री तिचे नाव श्री सिद्धेश्वर यात्रा. गावाच्या तोंडी मात्र ती ‘गड्डा’. “चल की बे गड्ड्याला,” एवढे म्हटले की पुढचे ठरवावे लागत नाही.

यात्रेचा गाभा एक लग्न आहे. हे ग्रामदैवत सिद्धेश्वर म्हणजे बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर, बसवेश्वर आणि अल्लमप्रभू यांचे समकालीन. त्यांनी कन्नडमध्ये वचने लिहिली, कल्याणच्या अनुभवमंटपात त्यांना मानाचे स्थान होते. पण सोलापूरला, म्हणजे तेव्हाच्या सोन्नलगीला, ते आठवतात ते तळे खोदून घेणारे आणि गावाभोवती 68 लिंगे स्थापन करणारे योगी म्हणून. त्यांच्या मठाच्या अंगणात रोज सडारांगोळी करणाऱ्या एका कुंभारकन्येने त्यांच्याशीच लग्न करण्याचा हट्ट धरला. योग्याला संसार करायचा नव्हता. तेव्हा माझ्या योगदंडाशी लग्न कर, असे त्यांनी सांगितले, अशी कथा आहे. मिरवणुकीतले सात नंदीध्वज त्याच योगदंडाची प्रतीके मानले जातात. म्हणून सोलापूरकर या यात्रेला प्रेक्षक म्हणून जात नाही, तो वऱ्हाडी म्हणून जातो. तेलापासून अक्षतेपर्यंत सगळे विधी लग्नघरातले आहेत आणि मांडव साऱ्या शहराला पुरेल एवढा आहे.

संक्रांत 14 जानेवारीला असली की 12 तारखेला तैलाभिषेक होतो. इथल्या बोलीत त्याला यण्णीमज्जन म्हणतात. उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून नंदीध्वज निघतात आणि शहराच्या चारी बाजूंना विखुरलेल्या 68 लिंगांना तेलाचा अभिषेक करत फिरतात. हिरेहब्बू हे यात्रेचे वंशपरंपरागत मानकरी. सकाळी निघालेली मंडळी परततात तेव्हा रात्र झालेली असते. वाटेतल्या घरांपुढे सडा घातलेला, रांगोळ्या काढलेल्या. नंदीध्वजाची काठी दारासमोर आली की बायका तांब्याने पाणी घालतात, पोराबाळांना पुढे करून नमस्कार करवतात.

याच 12 जानेवारीला सोलापूरची आणखी एक आठवण जोडलेली आहे. 1930च्या मे महिन्यात या गावात इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला होता. त्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. त्यामुळे त्या दिवशी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार पडत असतात आणि त्याच शहरात लिंगांना तेल चढत असते. ही चार नावे नुसती वाचली तरी सोलापूर कोणाकोणाचे आहे ते कळते. मला वाटते, बाहेरून येणाऱ्याने यात्रेचा पहिला हार त्या पुतळ्यांना वाहावा आणि मग काठ्यांच्या मागे लागावे.

काठी म्हणजे नंदीध्वज. पंचवीस-तीस फूट उंच, वर कळस आणि सजावट, हारांनी मढवलेली. ती खांद्यावर आडवी नेत नाहीत, एकेक गडी ती उभी पेलतो. कंबरेशी आधार, दोन्ही हातांची पकड आणि नजर सतत वर. वाऱ्याची झुळूक आली की शेंडा झुकतो, आणि तो झुकायच्या आत पाय सरकावा लागतो. भोवतीचे चार-सहा जण हात पसरून उभे असतात, पण शक्यतो काठीला हात लावत नाहीत. पेलणारा दमला की मान हलवतो आणि दुसरा पुढे सरकून काठी आपल्या अंगावर घेतो. या अदलाबदलीत काठी डगमगली तर गर्दीतून एक सुस्कारा येतो. सावरली की आरोळी: “एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!” हलग्या पुन्हा कडाडतात.

हे कसब आयत्या वेळी येत नाही. यात्रेच्या कितीतरी आधीपासून रात्री जेवणे उरकून पोरे सरावाला जमतात. दिवसभर दुकान, कारखाना किंवा कॉलेज, आणि रात्री काठी. लहान मुलांसाठी बालनंदीध्वज असतात. आठ-दहा वर्षांचा पोरगा आपल्या उंचीच्या मापाची काठी घेऊन गल्लीत तोल साधतो आणि आजोबा ओट्यावरून त्याच्या पायांकडे बघत सूचना करतात. सोलापूरच्या थंडीतले रात्रजीवन शोधायचे असेल तर ते मला आधी या गल्ल्यांत दिसते, रोषणाई नंतर.

सात काठ्यांचे मानही पाहण्यासारखे आहेत. पहिली देवस्थानाची, हिरेहब्बूंकडची. दुसरी कसब्यातल्या देशमुखांची. पुढे माळी आणि विश्वब्राह्मण समाजाच्या. सहावी आणि सातवी मातंग समाजाची. गावगाड्याची जुनी उतरंड या क्रमात दिसते हे खरे आहे. तरीही देवाच्या लग्नात प्रत्येकाची काठी तेवढीच उंच असते, एकच मार्ग चालते आणि एकाच कट्ट्यावर येऊन उभी राहते. अशी दुसरी यात्रा मी पाहिलेली नाही.

भोगीच्या दिवशी तो कट्टा गाठावा लागतो, आणि जागा हवी असेल तर सकाळीच. तळ्याकाठच्या मंदिराजवळ संमती कट्टा आहे. माणिक चौक, विजापूर वेस, पंचकट्टा असे करत काठ्या तिथवर येतात. तोवर रस्ते, गच्च्या, भिंती पांढऱ्या बाराबंद्यांनी भरून गेलेल्या असतात. कट्ट्यावर सुगडी पूजन होते, मग संमती वाचली जाते. ती कन्नडमध्ये असते. सभोवती मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारे लोक आणि सगळ्यांच्या मुठीत अक्षता. “सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम” हे शब्द आले की लाखो हात एकदम वर जातात. कोणाच्या अक्षता काठीपर्यंत पोचत नाहीत, त्या पुढच्याच्या फेट्यावर पडतात आणि मागच्याच्या आपल्यावर. साऱ्या गावाच्या डोक्यावर अक्षता पडतात. 2021मध्ये करोनामुळे हा सोहळा मोजक्या मानकऱ्यांत करावा लागला, तेव्हा ज्यांनी घरात टीव्हीपुढे उभे राहून अक्षता टाकल्या त्यांना विचारा, मोकळा कट्टा बघवत नव्हता.

त्याच दिवशी घरोघर बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि भोगीची भाजी. वालाच्या शेंगा, हरभरा, गाजर, वांगी, बोरे, जे शेतात ते कढईत. बाजूला शेंगांची चटणी. याच हंगामात ज्वारी हुरड्यात येते. मंगळवेढ्याकडची मालदांडी देशभर नावाजलेली, पण त्याआधी आगटीवर भाजलेल्या, हातावर चोळलेल्या गरम हुरड्याची वेळ असते. सिद्धरामाच्या चरित्रकथेतही हुरडा आहे. लहानपणी शेत राखताना एक जंगम आला, सिद्धरामाने त्याला कोवळी कणसे भाजून दिली, त्याने दहीभात मागितला, तो आणायला पोर घरी धावले आणि परतले तेव्हा जंगम नव्हता. त्याच्या शोधात ते श्रीशैलापर्यंत गेले. जंगम म्हणजे मल्लिकार्जुनच होता, असे श्रद्धा सांगते. यात्रेच्या आधी किंवा नंतर एखादी संध्याकाळ शेतावरच्या आगटीभोवती काढल्याशिवाय ही कथा नीट लागत नाही.

संक्रांतीची रात्र मला सगळ्यांत मोलाची वाटते. पहिल्या नंदीध्वजाला त्या दिवशी नागफणी बांधतात. वजन वाढते, तोल अवघड होतो आणि ती काठी पेलणे हा आयुष्यभर सांगावा असा मान ठरतो. काळोख पडल्यावर काठ्या दिव्यांच्या उजेडात होम मैदानाकडे सरकतात. होमकुंडात बाजरीच्या पेंढ्यांची कुंभारकन्या उभी केलेली असते. तिला शालू, मणीमंगळसूत्र, बांगड्या, जोडवी घालतात आणि मग अग्नी देतात. ती सती गेल्याची कथा या विधीमागे आहे. आजच्या मनाला हा भाग जड जातो, आणि जावाच. शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बायका मात्र त्या पेंढीकडे लेक सासरी निघाल्यासारख्या बघतात आणि पदराने डोळे टिपतात. आठशे वर्षांपूर्वीच्या एका अनाम कुंभाराच्या पोरीसाठी शहर रडते, हेही मला विसरता येत नाही.

होमानंतर गर्दी पांगत नाही, कारण भाकणूक व्हायची असते. देशमुखांचे मानाचे वासरू दिवसभर उपाशी ठेवलेले असते. मध्यरात्रीच्या सुमारास त्याला पुढे आणतात आणि समोर धान्य, गूळ, खोबरे, गाजर, बोरे, ऊस मांडतात. ते कशाला तोंड लावते, कशाला नाही, बिथरते की शांत उभे राहते, मलमूत्र विसर्जन करते का, यावरून पाऊसपाणी आणि महागाईचे अंदाज बांधले जातात. माणदेशापासून अक्कलकोटपर्यंतचे शेतकरी त्यासाठी थांबलेले असतात. दुष्काळ ज्यांच्या पाचवीला पुजलेला, त्यांचे कान त्या वासराच्या पायांशी लागतात. सकाळी चहाच्या टपऱ्यांवर यंदा पाणी बरे, मिरची महाग, अशी चर्चा रंगलेली असते.

पंधराला शोभेचे दारूकाम. आकाशाकडे माना, पोरे बापांच्या खांद्यांवर. सोळाला मल्लिकार्जुन मंदिरात कप्पडकळी, म्हणजे नंदीध्वजांची वस्त्रे उतरवण्याचा विधी, आणि धार्मिक कार्यक्रम संपतात.

गड्डा मात्र महिनाअखेरपर्यंत चालतो. भुईकोट किल्ल्याला लागून असलेल्या होम मैदानावर पाळणे, मौत का कुआँ, बांगड्यांच्या आणि भांड्यांच्या रांगा, मिरची भजी, बटाटेवडे, भेंडबत्तासे. विजापूर रस्त्यावर रेवणसिद्धेश्वराजवळ जनावरांचा बाजार भरतो, खिलार जोड्या बघायला दूरदूरचे गाडीवान येतात. पण मैदानावर रात्री दहा वाजता थोडे बाजूला उभे राहून बघावे ते बायकांकडे. पूर्व भागातल्या विड्या वळणाऱ्या बायका, यंत्रमागावरच्या कामगारांच्या घरच्या, कॉलेजच्या मुली, बुरखा घातलेल्या आया, चौघी-चौघींच्या घोळक्याने फिरतात. वर्षभर दिवेलागणीला घरी पोचावे लागणाऱ्या पोरी इथे आकाशपाळण्यात बसून मोठ्याने ओरडतात आणि कोणी रागावत नाही. शहरातल्या बाईला रात्र मिळते ती या मैदानावर.

म्हणूनच मैदानाची काळजी वाटते. धूळ ही गड्ड्याची जुनी तक्रार. स्मार्ट सिटी योजनेत सोलापूर 2016मध्ये आले, मैदानाचे कामही झाले, पण यात्रेच्या गर्दीत नाकाला रुमाल लागतोच. स्वच्छतागृहे, मोकळा आपत्कालीन रस्ता, पिण्याचे पाणी आणि रात्री उशिरा पूर्व भागाकडे, जुळे सोलापूरकडे जाणाऱ्या बस या गोष्टी दारूकामाइतक्याच मनावर घ्यायला हव्यात. ज्या बाया पायी येतात त्यांना पायीच परतावे लागते.

बाहेरगावच्या माणसाला एकच रात्र काढता आली तर त्याने होमाची निवडावी. दुपारी गावात यावे, तळ्याभोवती चक्कर मारून समाधीचे दर्शन घ्यावे, अंधार पडायच्या आत कसब्यात शिरून नागफणीची तयारी बघावी आणि मग काठ्यांच्या पुढे नव्हे, मागे चालावे. मागे चालणाऱ्याला काठी पेलणाऱ्याची पाठ आणि पाय दिसतात. भाकणुकीला जेवूनखाऊन, शाल घेऊन थांबावे. परतीचे तिकीट मात्र दुसऱ्या दिवशीच्या दुपारचे काढावे, कारण वासराने काय सांगितले यावरची टपरीवरची भांडणे सकाळी नऊच्या आधी मिटत नाहीत.