दाढ ठणकते, गाठीला पैसा नाही, जायचे कुठे?

शेतीचा माणूस आज दातांवर का लिहितो, असे तुम्हांस वाटेल. शेलूबाजारच्या शिवारात सोयाबीनची सोंगणी लागली की घरोघरी एकच उत्तर ऐकू येते : "दाढ दुखते खरी, पण माल विकल्यावर पाहू." बैलाच्या खांद्याला सूज आली तर आपण त्याच दिवशी त्याला जुवाखालून सोडतो. स्वतःचा गाल सुजला तर मात्र लवंग दाबून कामावर जातो.

दाताची कीड म्हणजे बोंडअळीसारखा किडा नव्हे. गोड व पिठूळ कण दातांत अडकतात, तोंडातले जंतू त्यांचे आम्ल करतात आणि ते आम्ल दात पोखरते. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले किडे पाडून दाखवणारे भेटतात, ते किडे दातातले नसतातच! दाढेवर रॉकेलचा किंवा फवारणीच्या औषधाचा बोळा तर कधीच ठेवू नका. आणखी एक फसवी गोष्ट ध्यानात ठेवा. आठ दिवस ठणकणारी दाढ आपोआप थांबली म्हणजे बरी झाली असे नाही. आतली नस मेली की दुखणे थांबते, पण मुळाशी पू होतच राहतो.

हा पू जबड्याखाली, गळ्याकडे उतरला की श्वासाची वाट दाबली जाते. जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १८३६ साली या दुखण्याचे वर्णन केले. आजही ते जिवावर बेतते. म्हणून गाल वा हनुवटीखाली सूज, ताप, तोंड न उघडणे यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. थुंकी गिळवेना किंवा दम लागू लागला तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. रात्री दंतवैद्य नसतात आणि दाढ बहुधा रात्रीच उठते! तरी अशा वेळी सकाळची वाट पाहू नका. हजर असलेले डॉक्टर इंजेक्शन-औषध सुरू करून पुढे पाठवू शकतात.

आता पैशाचे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. आपल्याला जवळचे म्हणजे मंगरूळपीरचे ग्रामीण रुग्णालय, त्यापुढे वाशीमचे जिल्हा रुग्णालय. दंतवैद्य कोणत्या वारी बसतात हे आशाताईंकडून किंवा फोनवर आधी विचारून घ्या, म्हणजे गाडीभाडे व एक मजुरी वाया जाणार नाही. दाढ काढण्याचे काम अशा ठिकाणी होते. दात वाचवण्याचे, नस साफ करण्याचे काम सगळीकडे होतेच असे नाही. त्यासाठी नागपूरला १९६८ पासून शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. तेथे शिकाऊ डॉक्टर आपल्या गुरुजनांच्या देखरेखीखाली काम करतात आणि शुल्क खासगीच्या मानाने फार थोडे पडते. फेऱ्या मात्र जास्त होतात, हे मी लपवत नाही. तरुण माणसाची दाढ असेल तर त्या फेऱ्या करण्याजोग्या आहेत.

बैलाच्या शिंगाने किंवा ट्रॅक्टरवरून पडून पक्का दात मुळासकट निघाला, तर तो फेकू नका. मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरा, पाण्याने हलका धुवा, घासू नका आणि थंड दुधाच्या वाटीत ठेवून लगोलग दंतवैद्याकडे न्या. अर्ध्या-पाऊण तासात पोचलात तर तो पुन्हा बसण्याची आशा असते. दुधाचे दात मात्र असे बसवीत नाहीत.

दाढ काढायला जाताना उपाशी जाऊ नका. मधुमेह, रक्तदाब किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ती चिठ्ठी खिशात ठेवा आणि डॉक्टरांनी विचारण्याआधीच दाखवा.