स्ट्रट बार घेण्याआधी कणकेचे चार गोळे

आजचा प्रश्न साधा आहे: गाडीला स्ट्रट बार लावायचाय, पण इंजिनच्या वर जागाच नाही. मग काय करायचं?

आधी हा बार करतो काय, ते बघू. स्विफ्टसारख्या गाडीत पुढच्या शॉकअपचं वरचं टोक बॉडीला जिथे नटांनी बसतं, तो भाग म्हणजे स्ट्रट टॉवर. डावीकडे एक, उजवीकडे एक. जोरात वळण घेतलं की हे दोन्ही टॉवर किंचित हलतात. बार त्यांना एकमेकांशी बांधून ठेवतो.

आता एक सरळ काठी दोन्ही टोकांनी दाबून बघा. मग धनुष्यासारखी वाकलेली दाबा. दुसरी लगेच लवते ना? बारचंही तसंच. इंजिन चुकवायला मध्ये मोठा बाक दिलेला बार दिसतो झकास, पण काम कमी करतो.

म्हणून पैसे देण्याआधी जागा मोजा. इंजिन थंड असताना बार जिथून जाणार त्या रेषेत भिजवलेल्या कणकेचे गोळे ठेवा, वर प्लास्टिकचा तुकडा. बॉनेट हळूच लावा आणि उघडा. दबलेल्या गोळ्याची जाडी म्हणजे तुमची जागा. समजा ती 60 मिलिमीटर भरली आणि बार 30 चा आहे. उरले 30, म्हणजे वर 15 आणि खाली 15. पुरेल?

माझं उत्तर, नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, रेस दिली की डुलतं. मित्राला सीटवर बसवा, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. त्याला रेस द्यायला सांगा आणि फोनवर स्लो मोशन व्हिडिओ काढा. हात आणि फोन पंख्यापासून, बेल्टपासून लांब! गिअरमध्ये इंजिन याहून जास्त हलतं, त्यामुळे बारखाली निदान 20 मिलिमीटर तरी मोकळे हवेत.

वरची जागाही फुकट नसते. पादचाऱ्याचं डोकं बॉनेटवर आपटलं तर पत्र्याला दबायला तिथे वाव लागतो. तिथेच लोखंडी बार असेल तर तो मार थेट डोक्याला बसतो.

बसवताना चारही चाकं सपाट जमिनीवर हवीत. फक्त कडेचे छोटे नट काढायचे. मधल्या मोठ्या नटाला हात लावायचा नाही, म्हणजे नाहीच! त्याच्याखाली दाबलेली स्प्रिंग आहे, सुटली तर जिवावर बेतेल. बारची पट्टी बसल्यावर नटाला पुरेसे आटे मिळतात का बघा, आणि मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचनेच आवळा.

आणखी एक. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ची बंधनं आहेत. आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारा.

सरळ बार मावत नसेल तर सोडून द्या. तेच पैसे चांगले टायर, नवे बुश आणि व्हील अलाइनमेंटवर घाला. वळणावर फरक तिथे जाणवेल. चला, भेटू पुढच्या भागात!